पोटरीचा अर्धा इंच

काडीची पोटरी अर्ध्या इंचानं वाढली, त्या रविवारी जिममध्ये टाळ्या वाजल्या. पहिली टाळी मामानं वाजवली होती. आज काडी नाही, जिमला कुलूप आहे, आणि मामाला झोपेतून दचकून उठवायला ती एक टाळी पुरते.

काडी म्हणजे मामाचा भाचा. लहानपणी तो खरोखरच काडी होता. शर्ट अंगात घातला की हँगरला टांगल्यासारखा दिसायचा. पुढे अठ्ठ्याण्णव किलोंचा झाला, दारातून तिरका होऊन जायला लागला, तरी आईनं हाक काही बदलली नाही. वरून "काडी, जेवायला ये" असं ऐकू आलं की खाली जिममधली सगळी रेड्यांएवढी पोरं हातातली वजनं ठेवून हसायची, आणि काडी मान खाली घालून जेवायला जायचा.

वर आणि खाली हे एकाच इमारतीत. खाली मामाची जिम, वर बारा पायऱ्या चढून त्याच्या धाकट्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत घर. दिवसभर खाली लोखंड वाजायचं आणि वर मशीन. काडी चार वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, तेव्हापासून बापाच्या जागी मामाच. मामानं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "मला मुलगा आयता मिळालाय, बायको कशाला पाहिजे?" हे वाक्य बहिणीला मुळीच आवडायचं नाही, पण ती हसायची.

दर रविवारी सकाळी काडीचं माप घेतलं जाई, आणि तेही बहिणीच्या टेपनं. जिममध्ये दोन टेपा होत्या, पण मामा म्हणे, शिंप्याच्या टेपला खोटं बोलता येत नाही. मामा माप घ्यायचा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडा लिहायचा. छाती, दंड, कंबर, मांडी, पोटरी. वरचे चार आकडे दर महिन्याला बदलत. पाचवा मात्र दोन वर्षं तसाच होता. साडेपंधरा.

पोटरी हे काडीचं दुखणं होतं. या धंद्यात म्हणतात, दंड कमवता येतो, पोटरी आईच्या पोटातून घेऊन यावी लागते. हे कुणीतरी वर जाऊन बहिणीला सांगितलं, तेव्हा ती कात्री आपटून म्हणाली, "म्हणजे मी द्यायची विसरले की काय?" मागच्या वर्षीच्या स्पर्धेत काडी दुसरा आला, आणि बक्षीस देताना एक परीक्षक माइकवरच म्हणाला, "बंगला झकास बांधलाय, पण खांब घालायचे राहिलेत." सगळं सभागृह हसलं. काडी पण हसला. घरी येऊन मात्र तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्यानंतर वर्षभर दात घासताना, फोनवर बोलताना, आईच्या मशीनमध्ये दोरा ओवून देताना, हा पठ्ठ्या टाचा वर-खाली करत उभा. पोटरी ढिम्म हलली नाही.

आता सुईचं सांगायला हवं, कारण ते झाकून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मामानं तरुणपणापासून वीस वर्षं स्टेरॉइडच्या सुया घेतल्या होत्या. भिंतीवरचे त्याचे फोटो, ती ढालीसारखी छाती, ते नुसत्या घामानं आलेलं नव्हतं. काडी एकोणीस वर्षांचा असताना म्हणाला, "मामा, तू घेतलीस ना? मग मला पण दे." मामानं त्याला शिव्या घालून हाकलला. महिनाभरानं काडी कुणाकडून तरी टोचून आला आणि ढुंगणावर लिंबाएवढं गळू घेऊन तापानं फणफणला. आईला पत्ता लागू न देता मामानं ते डॉक्टरकडून फोडून आणलं. मग मनाशी म्हणाला, घेणारच आहे तर निदान माझ्या हातून घेऊ दे, माप सांभाळून, स्वच्छ सुईनं. काळजी होती त्याला, खोटं कशाला बोला. पण काळजीपोटी दिलं म्हणून विषाचं काही औषध होत नाही.

"आणि हे बघ मामा," काडी पहिली सुई घेताना म्हणाला होता, "अंग माझं, मर्जी माझी. उद्या काही झालं तर तुझ्या नावानं खडे फोडणार नाही."

मामाला हे वाक्य फार सोयीचं वाटलं. जिममध्ये कपडे टांगायच्या खुंट्यांच्या वर पाटीच होती: 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली.' पाच वर्षं जेव्हा जेव्हा मन खाऊ लागलं, तेव्हा तेव्हा त्यानं काडीचं ते वाक्य त्या पाटीखाली टांगून ठेवलं.

तर तो रविवार. यंदाच्या स्पर्धेला बरोबर एक आठवडा राहिला होता. काडी पायमोजे काढून बाकावर उभा राहिला. त्याचा चेहरा ओढलेला होता, ओठ जरा निळसर, पण स्पर्धेआधी खाणं तोडलेल्या माणसाचा चेहरा असाच असतो. मामा उकिडवा बसला. टेपचं टोक अंगठ्यानं पोटरीच्या पुढच्या बाजूला दाबलं, टेप फिरवून आणली आणि आकडा बघितला. त्याला खरं वाटेना. पुन्हा फिरवली.

"किती?" काडी वरून म्हणाला. नेहमीच्या सवयीनं विचारलं होतं, आवाजात आशा नव्हती.

मामानं अंगठा उचलला. टेप गळून पडली, आणि अंगठा होता तिथे नडगीवर एक खळगा राहिला. शेंगदाणा बसेल एवढा. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळही घोट्याच्या वर खोल रुतलेला होता. मामा त्या खळग्याकडे तेवढाच वेळ बघत राहिला, जेवढा डोळा मिटून उघडायला लागतो.

"सोळा!" तो ओरडला, आणि त्यानं टाळी वाजवली.

मग सगळेच टाळ्या वाजवू लागले. काडीनं बाकावरून उडी मारली, मामाला उचललं, एक गिरकी घेतली आणि खाली ठेवून धापा टाकत हसत राहिला. तसाच अनवाणी जिन्याकडे धावला. "आई! सोळा! आई, सोळा!"

वरून मशीन थांबल्याचा आवाज आला. मग बहिणीचा. "बघ! विसरले नव्हते मी. उशिरा पाठवली एवढंच."

खाली सगळे हसत होते. मामानं खडू घेतला, साडेपंधरा पुसलं आणि सोळा लिहिलं.

त्या खळग्याचा अर्थ त्या अख्ख्या जिममध्ये एकट्या मामाला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी त्याचे स्वतःचे पाय चपलेत मावेनासे झाले होते. बहिणीकडे जेवायला जाताना सातव्या पायरीवर बसावं लागे. शेवटी तो लांबच्या एका डॉक्टरकडे गेला. मुद्दाम लांबच्या, जिथे त्याला कुणी ओळखणार नाही. त्या डॉक्टरनं त्याच्या नडगीवर असाच अंगठा दाबला, उचलला आणि खळगा दाखवून म्हणाला, "हे मांस नाही, पाणी आहे. हृदय थकलं की पाणी पायात उतरतं." तपासणीत हृदय फुगलेलं निघालं. पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं होतं. "काय काय घेतलंत आजवर?" डॉक्टरनं विचारलं, तेव्हा मामानं लहान मुलासारखं सगळं सांगून टाकलं.

त्या दिवसापासून त्यानं स्वतःची सुई बंद केली आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्या जुन्या व्हिटॅमिनच्या डब्यात ठेवल्या. पोरांना सांगितलं, खांदा गेलाय, आता वजन उचलायचं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माणसं पुष्कळ असतात. मामाचं उलटं होतं. स्वतः शहाणा झाला आणि ज्ञान कुणालाच सांगितलं नाही. जिम त्याच्या छातीवर उभी होती. ती छाती आतून पोकळ झालीय हे कसं सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. काडीला मात्र सांगायचं, हे त्यानं अनेकदा ठरवलं. या स्पर्धेनंतर, मग पुढच्या स्पर्धेनंतर.

त्या रविवारी दुपारी तो गच्चीवर गेला आणि त्यानं लांबच्या डॉक्टरला फोन लावला. भाच्याला दाखवायचंय म्हणाला. पलीकडच्या बाईनं विचारलं, "उद्या सकाळी चालेल?"

"नाही, उद्या नको. पुढच्या सोमवारी द्या."

रविवारी स्पर्धा, सोमवारी डॉक्टर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, पण मामाला तेव्हा वाटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. पोरानं अख्खं वर्ष मान खाली घालून काढलंय. एकदा ताठ मानेनं उभा राहू दे.

तो आठवडा मामाला दिवसागणिक आठवतो. सोमवारी काडी जिना चढताना सातव्या पायरीवर बसला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती. मंगळवारी बहीण खाली आली. सहसा ती जिममध्ये यायची नाही, घामाचा वास तिला सोसायचा नाही.

"दादा, काडी तीन उशा घेऊन झोपतो रे. झोपतो कसला, बसूनच असतो. आडवा झाला की खोकतो."

"स्पर्धेआधी होतं तसं. खाणं नाही पोटात."

"तुझं पण झालं होतं का?"

"हो," मामा म्हणाला. आणि खोटं नव्हतं ते.

बहीण समाधानानं वर गेली. तिला कामही होतं. बक्षीस घ्यायला जाताना घालायला तिनं काडीसाठी राखाडी पॅन्ट शिवली होती, ती आता पोटरीत घट्ट होत होती. तिनं दोन्ही पायांची शिवण उसवून अर्धा अर्धा इंच सोडला. सोडताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "पोराची पोटरी वाढली हो. वर्षभर नुसता मागे लागला होता."

शुक्रवारी सूज गुडघ्याच्या खाली बोटभर आली. मंचावर जायच्या आधी दोन दिवस अंगातलं पाणी काढतात, म्हणजे कातडी पातळ होऊन स्नायू रेखल्यासारखे दिसतात. मामानं व्हिटॅमिनचा डबा उघडला आणि आपल्या हृदयाच्या गोळ्यांमधली पाणी उतरवायची गोळी काडीच्या हातावर ठेवली. त्याच्या हिशेबानं एका दगडात दोन पक्षी. सूजही जाईल आणि स्पर्धेचंही काम होईल. डॉक्टरनं अशीच तर दिली होती आपल्याला. डॉक्टरनं ती देण्याआधी रक्त तपासलं होतं, आणि रोज पाणी किती प्यायचं हे कागदावर लिहून दिलं होतं, ते मामाला आठवलं नाही. आठवून घेतलं नाही म्हणा.

"काय आहे ही?" काडीनं विचारलं.

"पाण्याची. घे."

काडीनं गोळी तोंडात टाकली. मामानं दिलेली गोळी उलटून बघायची त्याला सवय नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, सभागृहामागच्या खोलीत, अंगाला तेल लावायच्या आधी काडी म्हणाला, "मामा, एकदा पोटरी बघ ना. मनाला बरं वाटेल."

मामानं खिशातून टेप काढली. पाणी उतरलं होतं. टेप साडेपंधरावर येऊन थांबली. दोन वर्षं होती तिथेच.

"किती?"

"सोळा," मामा म्हणाला.

काडी मंचावर गेला. पाठ करून उभं राहायची वेळ आली. दरवर्षी तो हा भाग घाईघाईत उरकायचा. यंदा त्यानं पाठ केली, टाचा उचलल्या आणि तसाच उभा राहिला, इतरांपेक्षा जास्त वेळ, मान वळवून, हसत. मागच्या वर्षीचा परीक्षक पुढच्या रांगेतच होता. तो काहीच बोलला नाही. मामा पडद्याआडून बघत होता आणि त्याला रडू येत होतं. का येतंय हे तेव्हा त्याला नीट सांगता आलं नसतं.

आत येऊन काडी एका उलट्या खोक्यावर बसला. "दिसली ना रे?" त्यानं विचारलं.

"दिसली."

"मामा, छातीत काहीतरी फडफडतंय."

एवढं बोलून तो पुढे वाकला, चप्पल शोधत असल्यासारखा, आणि तसाच जमिनीवर आला. मामा त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिला. तेलामुळे हात सटकत होते. बाहेर टाळ्या चालू होत्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काडी चोवीस वर्षांचा होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मामानं सुया सांगितल्या, गोळी सांगितली, काही लपवलं नाही. डॉक्टरांसमोर त्याची जीभ सुटे. बहीण आली, तेव्हा मात्र तीच जीभ टाळ्याला चिकटली. डॉक्टरीणबाई तिच्याशी हळू आवाजात बोलल्या, सुया-गोळीचं नाव न काढता. हृदय मोठं झालं होतं, हे एका दिवसात होत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "पायांवर सूज नव्हती का? घरात कुणाच्या लक्षात नाही आली?"

"आली की," बहीण म्हणाली. तिच्या खांद्यावर अजून कापडाचा दोरा चिकटलेला होता. "आली होती लक्षात. मी पॅन्ट सैल केली."

मामा तिच्या शेजारी उभा होता. 

तीन आठवडे वरची मशीन वाजली नाही आणि खालचं लोखंडही वाजलं नाही. मामा बंद जिममध्ये बाकावर बसून राही. व्हिटॅमिनचा डबा समोर असे, पण तो उघडत नसे. एक दिवस दुपारी वर मशीन सुरू झाली, चार टाके, आणि थांबली. मामा उठला. सातव्या पायरीवर बसला, दम खाल्ला, पुन्हा उठला.

बहीण राखाडी पॅन्ट मांडीवर घेऊन बसली होती. सोडलेली शिवण तिनं उसवली होती आणि पुन्हा पहिल्या खुणेवर आणून शिवत होती.

"काय करतेस, छोटे?"

"होती तशी करतेय." तिनं मान वर केली नाही. "दादा, मी शिंपीण आहे रे. दारातून माणूस आत आला की कंबर किती हे मला टेपशिवाय कळतं. आणि माझ्या पोटच्या पोराचे पाय माझ्यासमोर सुजत होते, तर मी काय केलं? सैल केलं. गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगितलं. ती बाई मला विचारते, लक्षात नाही का आलं. मी रोज तेच ऐकते. माझ्याच हातानं गेला तो."

मामानं तिचा चेहरा बघितला. तीन आठवड्यांत ती म्हातारी झाली होती. आता गप्प बसलं तर तिला कधीच कळणार नव्हतं. काडीनंही वचन दिलेलंच होतं, तुझ्या नावानं खडे फोडणार नाही म्हणून. आणि ते पोरगं शब्दाचं पक्कं होतं. मामाला वाटलं, आपण या जन्मात पुष्कळ वजनं उचलली, पण हे एक तिच्या डोक्यावर ठेवून खाली जाता येणार नाही.

"तुझ्या हातानं नाही," तो म्हणाला. "माझ्या."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. गळू, सुया, लांबचा डॉक्टर, पस्तीस टक्के. पुढच्या सोमवारची वेळ, फोनवरची बाई उद्याची देत असताना स्वतः मागून घेतलेली. व्हिटॅमिनच्या डब्यातली गोळी. शेवटचं माप, साडेपंधराचं सोळा. सांगताना तो स्वतःची बाजू मांडायला कुठेही थांबला नाही, आणि काडीचं ते वाक्य त्यानं सांगितलं नाही. सगळ्यात शेवटी अंगठ्याचं सांगितलं.

बहीण ऐकत होती. तिचा हात मशीनच्या चाकावर होता. ती किंचाळली नाही, त्याला मारलं नाही. मारलं असतं तर मामाला बरं वाटलं असतं. ती उठली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याच्या पॅन्टचा पाय तिनं गुडघ्यापर्यंत वर केला आणि नडगीवर आपला अंगठा दाबला. सुईनं भोकं भोकं झालेला अंगठा. उचलला, तेव्हा खळगा राहिला.

"गोळ्या घेत नाहीस तू."

"नाही."

"आजपासून घे. मरून सुटायचं नाही, दादा. तू गेलास तर हे सगळं मी एकटीनं आठवत बसू?"

मामानं मान हलवली. ती अजून त्या खळग्याकडेच बघत होती. तो अगदी हळूहळू वर येत होता, आणि तो पुरता भरेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

"काडीचा किती वेळानं भरला होता रे?" तिनं विचारलं.

"मी बघायला थांबलो नव्हतो, छोटे."